टाटा रुग्णालयातील उपचारांसाठी मुंबईत दोन-तीन महिने राहायचे आहे. परवडणारी सोय कशी करावी?

कारंजेकर

नमस्कार. माझ्या वडिलांच्या गालाच्या आतील बाजूस झालेली जखम बरेच दिवस भरून येत नव्हती, म्हणून अकोल्यात तुकडा तपासणीसाठी पाठवला होता आणि त्या अहवालात कर्करोगाचे निदान झाले आहे. तेथील डॉक्टरांनी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला असून पुढील आठवड्यात वडील, आई आणि मी असे तिघे निघणार आहोत. शस्त्रक्रिया आणि त्यानंतर कदाचित रेडिएशन, असा एकंदर अंदाज त्यांनी दिला आहे. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळेल असे आमच्याकडील आरोग्यमित्रांनी सांगितले आहे, परंतु रुग्णालयाबाहेर नातेवाइकांच्या राहण्याचा खर्च आमचा आम्हालाच करावा लागणार आहे.

मुंबईत आमचे जवळचे कोणी नाही. एक दूरचे नातेवाईक विरारला एका खोलीच्या घरात राहतात आणि ते आग्रहाने बोलावत आहेत, पण तिघांनी त्यांच्याकडे महिनोन्महिने राहणे मला योग्य वाटत नाही. राहणे आणि जेवण मिळून महिन्याला साधारण १५,००० रुपयांपर्यंत आम्ही कसेबसे उभे करू शकतो. गावातील एका ओळखीच्या माणसाने एका मध्यस्थाचा क्रमांक दिला. तो रुग्णालयाच्या अगदी समोर खोली देतो म्हणतो, परंतु महिन्याचे भाडे आणि २०,००० रुपये अनामत आजच ऑनलाइन पाठवा, नाहीतर खोली जाईल, असे त्याचे म्हणणे आहे. पैसे पाठवून खोली पक्की करावी, की मुंबईत पोहोचल्यावर शोधावी? धर्मशाळांची नावे ऐकली आहेत, पण तेथे जागा कशी मिळते हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

परळवासी

सर्वप्रथम, तो मध्यस्थ कितीही घाई करत असला तरी न पाहिलेल्या खोलीसाठी एक रुपयाही पाठवू नका. रुग्णालयाच्या परिसरात खोल्या दाखवणारे अनेक जण आहेत आणि त्यांतील काही जण प्रामाणिक व्यवहार करतात हेही खरे आहे, पण प्रामाणिक माणूस खोली दाखवण्याआधी पैसे मागत नाही. 'समोरच आहे' असे सांगितलेली खोली प्रत्यक्षात शिवडीला किंवा लालबागच्या एखाद्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर निघते. जुन्या चाळींत उद्वाहन नसते, शौचालय बऱ्याचदा सामाईक असते आणि पाणी ठरावीक वेळीच येते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दररोज तीन जिने चढायला लावणे शक्य आहे का, याचा विचार भाड्याच्या आकड्याआधी करावा.

तुम्ही अकोल्याहून अमरावती एक्स्प्रेस किंवा विदर्भ एक्स्प्रेसने येणार असाल तर दादरला उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. दादरहून परळ हे मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने पुढचेच स्थानक आहे, परंतु सामान आणि रुग्ण सोबत असताना सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये शिरण्यापेक्षा पूर्वेकडे बाहेर पडून मीटरने टॅक्सी करणे चांगले. अंतर फार नाही. नकाशात पाहून प्रभादेवी स्थानकाच्या, म्हणजे पूर्वीच्या एल्फिन्स्टन रोडच्या, पश्चिमेकडील बाजूस खोली घेण्याचा मोह होऊ शकतो. तेथील रेल्वेवरचा जुना पूल पाडून नवा बांधण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीला बंद करण्यात आला, त्यामुळे गाड्यांना करी रोडच्या किंवा दादरच्या टिळक पुलावरून वळसा घ्यावा लागतो. म्हणून खोली शक्यतो रुळांच्या पूर्वेकडे, रुग्णालयाच्याच बाजूला पाहावी. पावसाळ्यात यावे लागले तर हिंदमाता भागात तुंबणारे पाणीही लक्षात ठेवा.

निवृत्त_समाजसेविका

परळमधील एका रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात मी अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. बाहेरगावाहून येणारी बहुतेक कुटुंबे पूर्ण मुक्कामाची सोय एकदम करायला जातात आणि तेथेच पैसा वाया जातो. उपचारांचे टप्पे वेगवेगळे असतात आणि प्रत्येक टप्प्याची निवासाची गरजही वेगळी असते, त्यामुळे सोयही टप्प्याटप्प्यानेच करावी.

पहिला टप्पा नोंदणी, तपासण्या आणि उपचारांचा आराखडा ठरण्याचा. यात स्कॅन, तुकड्याची पुन्हा तपासणी, दातांची तपासणी आणि भूल देण्यापूर्वीच्या चाचण्या येतात आणि त्यांच्या तारखा एकापाठोपाठ मिळतीलच असे नाही. या काळात रुग्ण चालता-फिरता असतो, म्हणून साधे लॉजही चालते. दुसरा टप्पा शस्त्रक्रियेचा. त्या वेळी रुग्ण वॉर्डात असतो आणि सोबत सहसा एकाच नातेवाइकाला थांबता येते, म्हणजे बाहेर निवास लागतो तो फक्त दुसऱ्या माणसाला. तिसरा टप्पा रेडिएशनचा, आणि खरा खर्च याच टप्प्यात होतो. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन द्यायचे ठरले तर ते साधारणपणे सोमवार ते शुक्रवार असे रोज, सुमारे सहा आठवडे चालते. एका वेळच्या उपचाराला काही मिनिटेच लागतात, पण त्यासाठी दररोज यावेच लागते. मध्ये गावी जाऊन येण्याला वाव नसतो. केमोथेरपीचे तसे नाही. ती तीन आठवड्यांच्या अंतराने असेल तर मधल्या काळात घरी राहता येते.

आता धर्मशाळांविषयी. दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे आणि तेथे राहणाऱ्यांत टाटा रुग्णालयातील रुग्णांची संख्या मोठी असते. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगेबाबांनी स्वतः मात्र आयुष्यभर उघड्यावर मुक्काम केला, हे ती इमारत पाहताना मला नेहमी आठवत असे. परळमध्येच रुग्णालयापासून जवळ नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे. वांद्र्याला डॉ. बोर्जेस यांच्या नावाने असलेले रुग्णनिवास आहे. रुग्ण लहान मूल असेल तर सेंट ज्यूड या संस्थेच्या केंद्रांत मुलाला आणि आई-वडिलांना विनामूल्य राहता येते. आपल्या बाबतीत ते लागू नाही, परंतु हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिले.

या ठिकाणी हॉटेलप्रमाणे गावाहून फोन करून खोली राखून ठेवता येईल, अशी अपेक्षा करू नये. रुग्णालयात नोंदणी होऊन फाइल तयार झाली, की ती फाइल, रुग्णाचे आणि सोबतच्यांचे आधार कार्ड, छायाचित्रे आणि पत्ता मुंबईबाहेरचा असल्याचा पुरावा घेऊन रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. कोठे जागा आहे, कोठे प्रतीक्षायादी आहे, आपल्या परिस्थितीला कोणती जागा योग्य, हे तेथील समाजसेवकांना ठाऊक असते आणि त्यांचे पत्र असल्यास काम बरेच सोपे होते. लोक संकोचाने किंवा या विभागाची माहितीच नसल्याने तेथे जातच नाहीत आणि आठवडाभर पदपथावर काढतात. नोंदणी झाली त्याच दिवशी जा. उपचारांचा आराखडा ठरेपर्यंत वाट पाहू नका. प्रतीक्षायादीत नाव लवकर लागलेले बरे. बहुतेक धर्मशाळांत एका रुग्णासोबत किती माणसे राहतील आणि सलग किती दिवस राहता येईल यावर मर्यादा असते, तेव्हा मुदतवाढीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावे.

अकोल्याची_लेक

माझ्या आईवर याच प्रकारच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाले, त्यामुळे वरील उत्तरातील टप्प्यांची कल्पना शब्दशः पटते. त्यात एका गोष्टीची भर घालते, जिचा विचार घर शोधताना आम्हाला कोणी सुचवला नव्हता, आणि ती म्हणजे स्वयंपाकघर.

तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ रुग्णाला नाकातील नळीवाटे पातळ अन्न द्यावे लागते. ते दर दोन-तीन तासांनी, ताजे, मिक्सरमधून काढून गाळून द्यायचे असते. डाळीचे पाणी, तांदळाची पेज, दूध, अंडे, भाजीचे सूप असे आहारतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे. खानावळीतले तेल-तिखटाचे जेवण नातेवाइकांची भूक भागवते, रुग्णाच्या कामाचे नसते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या मुक्कामासाठी खोली पाहताना गॅस किंवा विजेची शेगडी वापरू देतात का, सामाईक स्वयंपाकघर आहे का, मिक्सर लावता येईल असा विजेचा बोर्ड आहे का आणि पिण्याचे पाणी कोठून येते, हे चार प्रश्न आधी विचारावेत. स्वस्त लॉजमध्ये शेगडी लावू देत नाहीत. आम्ही घरून लहान मिक्सर, कुकर आणि बारीक गाळणी घेऊन गेलो होतो. तुम्हीही न्या, कारण तेथे जाऊन हे सगळे नव्याने विकत घेण्यात उगाच पैसे जातात.

रेडिएशनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तोंडात फोड येतात, गिळता येत नाही, थकवा वाढतो. सुरुवातीला 'वीस मिनिटांचे चालणे तर आहे' असे वाटणारे अंतर तेव्हा चालवत नाही. शिवाय रेडिएशनसोबत केमोथेरपीही असेल तर संसर्गाची भीती असते. त्या दिवसांत दहा-बारा खाटांच्या सामाईक दालनापेक्षा लहानशी का होईना, स्वतंत्र खोली मिळावी असा आग्रह डॉक्टरांच्या पत्रासह धरावा. ताप आला तर रात्रीसुद्धा लगेच रुग्णालयात जावे लागते, तेव्हा इमारतीचे दार रात्री बंद होते का, हेही विचारून ठेवावे.

बदलापूर_लोकल

वरील सर्वांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु परळच्या आसपासच राहावे हा आग्रह प्रत्येकाला परवडणारा नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो. धर्मशाळेत जागा मिळेपर्यंतचा काळ अनिश्चित असतो आणि दादर-परळमधील साध्या लॉजचे दररोजचे भाडे महिन्याच्या हिशेबाने प्रश्नकर्त्याच्या पूर्ण अंदाजपत्रकाला सहज गिळून टाकते. त्या तुलनेत कल्याणच्या पुढे, अंबरनाथ-बदलापूरकडे, एक खोली आणि स्वयंपाकघर असे घर महिन्याच्या भाड्याने बरेच स्वस्तात मिळते. मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो राखीव डबा असतो, त्यातून कर्करोगाच्या रुग्णालाही प्रवास करता येतो; ओळखपत्र आणि रुग्णालयाची कागदपत्रे जवळ ठेवावीत. रेडिएशनची वेळ दुपारची मिळवता आली तर गर्दीचा त्रासही कमी होतो.

अकरा महिन्यांच्या कराराचा आग्रह धरणारा घरमालक मात्र टाळावा. दोन-तीन महिन्यांसाठी घर देणारे मालक कमी असतात, परंतु रुग्णाचे कारण प्रामाणिकपणे सांगितल्यावर देणारेही भेटतात. लेखी करार आणि पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करून घ्यावी, कारण पुढे अनामत परत मागताना हाती काहीतरी कागद असलेला बरा.

निवृत्त_समाजसेविका

बदलापूर_लोकल यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो रेडिएशनच्या पहिल्या दोन आठवड्यांना लागू पडतो, शेवटच्या तीन आठवड्यांना नाही. नाकात नळी असलेला, तोंडातून लाळ गळणारा माणूस रोज लोकलमध्ये दीड-दोन तास जाताना आणि तितकाच वेळ येताना मी पाहिला आहे. अशा वेळी काही कुटुंबे उपचार अर्धवट सोडून गावी जातात. रेडिएशन मध्येच बंद करण्यासारखे दुसरे नुकसान नाही, आणि त्यापुढे भाड्यात वाचलेले पैसे काहीच नव्हेत. उपनगरात घर घ्यायचे असेल तर ते बरोबरच्या निरोगी माणसांसाठी घ्यावे.

आणखी दोन गोष्टी मागच्या उत्तरात राहिल्या. टाटा स्मारक केंद्राचेच खारघर येथे अॅक्ट्रेक नावाचे केंद्र आहे आणि अनेक रुग्णांचे पुढील उपचार परळऐवजी तेथे होतात. परळला महिन्याची खोली घेऊन बसल्यावर रेडिएशनची तारीख खारघरची मिळाली, की मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने कुर्ल्यापर्यंत जाऊन तेथे हार्बर मार्गाची गाडी पकडत रोजची धावपळ करावी लागते आणि भाडेही वाया जाते. अॅक्ट्रेकच्या परिसरात रुग्णांसाठी निवासाची सोय आहे आणि खारघर-कळंबोली भागातील भाडीही परळपेक्षा कमी आहेत. म्हणून उपचार कोठे होणार हे लेखी कळेपर्यंत लांब मुदतीची कोणतीही जागा घेऊ नका.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रिया परळला झाली म्हणून रेडिएशनही मुंबईतच घेतले पाहिजे असे नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. रेडिएशन घराजवळच्या केंद्रात घेतले तर चालेल का, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा. आजाराच्या स्वरूपानुसार ते हो किंवा नाही सांगतील. हो म्हणाले तर उपचारांच्या पूर्ण आराखड्याचे पत्र घेऊन जाता येते, आणि मुंबईतील तीन महिन्यांचा मुक्काम महिन्या-दीड महिन्यावर येतो. डॉक्टर नाही म्हणाले तर मात्र त्यात घासाघीस करू नये.

मंत्रालय_परिसर

आमदार निवासाचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांचे पत्र किंवा त्यांच्या स्वीय सहायकांचा निरोप असल्यास मंत्रालयाजवळील आकाशवाणी आमदार निवासात त्यांच्या नावावरील खोलीत दोन-चार रात्री काढता येतात आणि गावाकडून कामासाठी येणारी असंख्य माणसे तसे करतात. मात्र त्या खोलीत आधीच पाच-सात जण गाद्या टाकून असतात, आणि अधिवेशन मुंबईत चालू असेल तर पाय ठेवायला जागा नसते. रुग्णाला तेथे नेऊ नका. पहिल्या रात्री वडिलांची आणि आईची सोय लॉजमध्ये केली आणि तुम्ही स्वतः तेथे राहिलात तर एका माणसाचा खर्च वाचेल, इतकाच त्याचा उपयोग आहे. आमदारांच्या कार्यालयात जाणारच असाल तर मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाचीही चौकशी करून या.

कारंजेकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने वेळ काढून लिहिले याबद्दल मनापासून आभार. मध्यस्थाला आज नकार कळवला. त्यानंतर त्याने अनामत निम्मी केली, यावरून काय ते समजलो. आता असे ठरवले आहे की सुरुवातीच्या चार-पाच रात्री दादर पूर्वेला साध्या लॉजमध्ये राहायचे, नोंदणीच्या दिवशीच समाजसेवा विभागात जाऊन धर्मशाळेसाठी नाव द्यायचे आणि शस्त्रक्रियेच्या काळात आई वडिलांजवळ थांबली तर मी विरारला नातेवाइकांकडे राहायचे. एका माणसाचा भार त्यांच्यावर फार होणार नाही. रेडिएशन नागपूरला घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. लॉजमध्ये रुग्ण असल्याचे आधी सांगावे का? आणि तपासणीच्या तारखा लांबल्या तर मधल्या काळात गावी परत जाणे परवडेल का?

अकोल्याची_लेक

लॉजमध्ये आधीच सांगावे. काही व्यवस्थापक कर्करोगाचे नाव ऐकून खोली नाकारतात, आणि ते फोनवर कळलेले बरे. सामान घेऊन दारात उभे असताना नको. खोली घेण्यापूर्वी भाडे करासह किती, बाहेर पडण्याची वेळ चोवीस तासांच्या हिशेबाने की दुपारी बाराची, आणि तिसऱ्या माणसाच्या गादीचे वेगळे पैसे घेतात का, एवढे विचारा. पहाटेच्या गाडीने येणाऱ्यांना दुपारी बाराच्या नियमाने काही तासांतच पूर्ण दिवसाचे भाडे भरावे लागते. दादर पूर्वेच्या लॉजमध्ये याबाबत घासाघीस चालते.

परळवासी

गावी परतण्याचे गणित रेल्वेच्या सवलतीमुळे बदलते. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्यात पूर्ण सवलत आहे, आणि सोबतच्या एका माणसाला त्याच श्रेणींत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर दाखवावे लागते, त्यामुळे येतानाच्या पहिल्या प्रवासाला ती मिळणार नाही. परतीच्या प्रवासापासून मिळेल. एसटीने अकोल्यापर्यंत किंवा तेथून गावी जाताना आईंना महिला सन्मान योजनेखाली अर्धे तिकीट आहेच. दोन तारखांमध्ये आठवड्याहून अधिक अंतर असेल तर लॉजचे भाडे भरत मुंबईत बसून राहण्यापेक्षा गावी जाऊन येणेच स्वस्त पडेल. मात्र धर्मशाळेत जागा मिळालेली असेल तर ती सोडण्यापूर्वी तेथील कार्यालयात विचारून घ्या. खोली रिकामी केली की सहसा पुन्हा यादीच्या शेवटी नाव लागते. सामान ठेवून चार दिवस जाऊन येण्याची परवानगी मिळते का, ते कार्यालयातूनच कळेल, आणि ती परवानगी लेखी घ्यावी.